वाजलं, पण ऐकू आलं नाही

चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवल्यामुळे माझ्या स्वभावात दोन दोष कायमचे मुरले आहेत. एक म्हणजे दुसऱ्याची चूक दिसली की हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जातो. दुसरा म्हणजे उत्तर मिळेपर्यंत झोप लागत नाही. पहिल्या दोषामुळे गावात मला लग्नपत्रिका सहसा कोणी हातात देत नाही, तोंडी आमंत्रण देतात. दुसऱ्यापायी गेला वैशाख मी लॅपटॉपपुढे घालवला. चंद्रपूरचा वैशाख काय असतो ते चंद्रपूरकराला सांगायला नको आणि इतरांचा सांगूनही विश्वास बसत नाही. पारा सत्तेचाळीसवर गेला की आमच्याकडे "आज जरा बरं आहे" असं म्हणतात.

झालं ते असं. दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दिवसा सहकारी सोसायटीत कारकून आणि दिवाळी ते होळी, रात्री, झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवाला. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा ही आमची झाडीपट्टी. धान निघालं, हातात दोन पैसे आले, की गावोगाव मंडई भरते, घरोघर पाहुणे येतात आणि रात्री नाटक लागतं. नाटकमंडळ्यांचं माहेर म्हणजे वडसा. पडदा दहाच्या पुढे उघडतो आणि कोंबडा आरवल्यावर पडतो. खलनायकाला मरायला पहाटेचे पाच वाजतात, कारण त्याच्याआधी त्याला दोन गाणी असतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळ मंडळींना अशी एक रंगभूमी आहे याचा पहिल्यांदा पत्ता लागला. आम्हाला मात्र पुणे-मुंबई आहे हे आधीपासून माहीत होतं. असो.

या नाटकांत गाणी जिवंत वाजतात. कीबोर्ड कितीही जपानी असला तरी त्याला म्हणायचं ऑर्गन. दादाच्या ऑर्गनला फ्लॉपी बसत असे. २००१ सालच्या हंगामातली नऊ गाणी त्याने एका फ्लॉपीवर साठवून ठेवली होती आणि ती फ्लॉपी वहिनींनी देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी, ठेवली होती. वर्षश्राद्धाच्या पंधरवडाभर आधी त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शिकलेले आहा. त्या दिवशी त्यायचं वाजवणं लावता येईल का जी?" मी गणिताचा मास्तर. 'येणार नाही' हे उत्तर मी आयुष्यात फक्त विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे.

लॅपटॉप पुतण्याचा, म्हणजे दादाच्याच मुलाचा. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. जुना झालेला लॅपटॉप मला देताना त्याने त्यातलं विंडोज काढून लिनक्स घातलं होतं. लिनक्स म्हणजे फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेलं आणि जगभरच्या लोकांनी श्रमदानाने वाढवलेलं प्रकरण. "काका, हे फुकट आहे, आणि चोरीचंही नाही," असं तो म्हणाला होता. या दोन गोष्टी एकत्र असू शकतात हे मला त्या वयात नवीन होतं.

फ्लॉपी वाचणारी डबी मागवली, गाणी लॅपटॉपवर आली. फाइलवर दोनदा टिचकी मारली. काही नाही. आवाज वाढवला. काही नाही. मग पुतण्याने फोनवरून सांगितलेली आज्ञा एकेक अक्षर करून टंकली. पडद्यावर वाजवण्याच्या दारांची यादी आली. यादीत एकच दार होतं. त्याचं नाव 'मिडी थ्रू' आणि नंबर १४:०. मी गाणं त्या दाराकडे पाठवलं. लॅपटॉप स्तब्ध झाला. चार मिनिटं दहा सेकंद काहीही घडलं नाही आणि मग कर्सर, काम करून आलेल्या शिपायासारखा, पुन्हा येऊन उभा राहिला.

"काका, वाजलं की!" पुतण्या म्हणाला.

"मला ऐकू आलं नाही."

"ऐकू नाही येणार. ते दार कुठेच उघडत नाही. पण वाजलं पूर्ण. एक मात्रा चुकली नाही."

इंग्रजीत एक जुना प्रश्न आहे. रानात झाड पडलं आणि ऐकायला कोणी नसलं, तर आवाज झाला म्हणायचा का? हा प्रश्न ज्याने काढला तो आमच्या जंगलात आलेला नसावा. इथे साग पडला तर ऐकायला कोणी ना कोणी असतंच, फक्त पंचनाम्याच्या वेळी कोणी ऐकलेलं नसतं. पण लॅपटॉपच्या आत चार मिनिटं दहा सेकंद दादा वाजत होता आणि मी समोर बसून पंख्याची घरघर ऐकत होतो, हे खरं. आपल्या संगीतशास्त्रात आहत नाद आणि अनाहत नाद असे दोन प्रकार सांगितलेत. अनाहत नाद योग्यांना ऐकू येतो म्हणतात. आमच्या घराण्यात अजून कोणी योगी निपजलेला नाही.

पुतण्याने मग मला मिडी समजावून सांगितलं. तो मुलगा लहानपणी माझ्याकडे त्रैराशिक शिकायला यायचा आणि मी त्याच्यावर ओरडायचो. त्याने एकदाही सूड उगवला नाही. मिडीच्या फाइलमध्ये आवाज नसतोच. कुठली पट्टी, कोणत्या क्षणी, किती जोरात दाबली आणि केव्हा सोडली, एवढंच त्यात असतं. १९८३ साली जपानच्या इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेच्या डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ही भाषा ठरली. तीस वर्षांनी, २०१३ साली, दोघांना त्याबद्दल ग्रॅमीही मिळालं. म्हणजे हे भातखंड्यांचं क्रमिक पुस्तक आहे, फक्त यंत्राने वाचायचं. पुस्तक उघडं ठेवलं म्हणून यमन ऐकू येत नाही. गाणारा लागतो.

विंडोजमध्ये हा गाणारा आधीच आत बसवून देतात, त्याचे आवाज कंपनीने परवान्याने घेतलेले असतात. लिनक्सचा बाणा असा की जे दुसऱ्याच्या मालकीचं आहे ते आपण वाटायचं नाही. तेव्हा गाणारा वेगळा बोलवायचा. त्याचं नाव फ्लुइडसिंथ. आणि त्याला गळाही वेगळा द्यावा लागतो, त्याला साउंडफॉन्ट म्हणतात. दादाचं गाणं ३८ केबीचं. गळा १४० एमबीचा. गुणोत्तर काढलं, सुमारे पावणेचार हजार पट. गाणं पोस्टकार्डावर आणि बाजा मालगाडीने.

तिसऱ्या दिवशी रात्री नवीन दार उघडलं, १२८:०. आज्ञा दिली आणि आवाज आला! पण काय आवाज! पेटीच्या जागी गोव्याच्या लग्नातलं अकॉर्डियन आणि तबल्याच्या जागी घंटा, त्रिकोण आणि शिट्ट्या. आई मरताना मुलगा गातो ते गाणं, आणि समेवर शिट्टी. वहिनी आतून पदराला हात पुसत आल्या. "हे काय लावलं जी भाऊजी? वरात निघाली का कोनाची?"

दोष कोणाचाच नव्हता. १९९१ साली सगळ्यांसाठी म्हणून १२८ वाद्यांची एक यादी ठरली. तीत १०५ नंबरला सतार आहे, ११२ ला सनई आहे. १२६ ला हेलिकॉप्टर, १२७ ला टाळ्या आणि १२८ ला बंदुकीचा बार आहे. तबला नाही. दादाच्या ऑर्गनमध्ये तबला होता, तो त्या कंपनीचा घरगुती. बाहेरच्याला तो कळेना, म्हणून त्याने जवळचं दिसेल ते वाजवलं. पेटीला वनवासाची सवय आहेच. १९४० साली रेडिओवर तिला बंदी झाली ती एकतीस वर्षं टिकली. तबल्याची मात्र ही पहिलीच वेळ असावी.

आणखी आठवडाभर खटपट करून पेटी आणि तबला असलेला गळा मिळवला. हे सगळं सांगत बसलो तर हा लेख खलनायकासारखा पहाटेपर्यंत मरायचा नाही. एका रात्री वाजलं. बरंचसं दादासारखं वाजलं. आणि तिथेच माझी झोप गेली.

कारण दुसऱ्या गाण्यात चूक होती.

गाण्यातल्या पट्ट्या पडद्यावर चौकटीच्या कागदावर विटा मांडल्यासारख्या दिसतात. अंतरा संपताना एक निषाद जागच्या जागी संपायला हवा, तो दोन मात्रा पुढे लोंबकळत होता आणि जाता जाता बोट शेजारच्या पट्टीला लागलं होतं. खिशात लाल पेन नव्हतं, पण या कार्यक्रमात त्याच्यापेक्षा भयंकर सोय निघाली. एक कळ दाबली की सगळ्या विटा ओळीत. दादाची चूक दुरुस्त करायला मला एक सेकंद लागला. तो हयात असताना चाळीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

दुरुस्त केलेली फाइल मी वेगळ्या नावाने ठेवली आणि दोन्ही पुन्हा पुन्हा ऐकत बसलो. मेलेल्या माणसाची चूक सुधारावी का? दादा स्टेजवर चुकला की दोन दिवस जेवत नसे. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, काढून टाक ती. त्याची इच्छा मानायची तर चूक काढली पाहिजे. पण मग ऐकायला जे उरतं ते त्याने वाजवलेलं नाही, मी वाजवलेलं आहे, आणि मला पेटीतलं ओ की ठो कळत नाही. आवाज तर आधीच त्याचा नव्हता, कोणा अनोळखी सज्जनाने नमुने घेऊन फुकट वाटलेला होता. त्याचं म्हणून जे काही या फाइलमध्ये होतं ते एवढंच, बोट कधी पडलं आणि कधी उचललं. तेच मी सरळ करून टाकलं होतं. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, हा दाखला मी स्वतःला रात्री दीड वाजता देऊन पाहिला. लागू पडला नाही. ते नाथ होते. शिवाय त्यांनी दुसऱ्यांनी घुसडलेलं काढलं, मूळच्या हाताने झालेलं नव्हे.

शेवटी सकाळी वहिनींना काही न सांगता दुरुस्त केलेलं लावलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "साजरं वाजवलं." माझ्या घशाशी आलं. वर्गात कॉपी पकडलेल्या पोराचा चेहरा कसा होतो ते मी चौतीस वर्षं पाहिलं होतं, आतून कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. मी कबूल केलं आणि मूळचं लावलं. निषाद लोंबकळला तशा वहिनी खुदकन हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा.

"इथं थे हिरोईन येत नव्हती न जी वेळेवर! रोज उशीर. मंग हे आपले सूर धरून तिच्याकडे मान वळवून पाहत. बोट लागलं तरी कोनाले समजत नसे."

चूक नव्हतीच ती. गणिताच्या मास्तराला नायिका लक्षात आली नाही, एवढंच.

"मग वर्षश्राद्धाला हेच लावू ना?"

त्या जरा थांबल्या. "नोको. पाहुण्यांसाठी थे दुसरं लावा. त्यायले चारचौघांत चुकलेलं चालत नव्हतं. हे मले ठेवा."

या उत्तराला किती गुण द्यावेत ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वर्षश्राद्धाला चाळीसेक माणसं होती. त्यात दादाच्या मंडळीतले म्हातारे तबलावालेही आले, ब्रह्मपुरीहून, भर उन्हात. मी दुरुस्त केलेलं लावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तबलावाले मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हे कोनी वाजवलं? एंट्रीले थांबलाच नाही. नायिका पडली असती ना बाप्पा." मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी दारातूनच मान हलवली. लावा.

मी घाईघाईने वरच्या बाणाची कळ दाबून जुनी आज्ञा शोधली, फाइलचं नाव तपासलं, बरोबर होतं, आणि ठोकली. "आता मूळचं ऐका," म्हणालो आणि हात जोडून उभा राहिलो.

काही ऐकू येईना. पडद्याकडे पाहिलं तर आज्ञेच्या शेवटी १४:०. मी वळेपर्यंत, मी उभा आहे असं पाहून, पुढच्या रांगेतले उठून उभे राहिले होते. त्यांच्यामागून बाकीचे. सगळ्यांच्या माना खाली, हात जोडलेले. तबलावाल्यांनी टोपी काढली. आता हे थांबवायचं कसं? मीही मान खाली घातली. आत गाणं चाललं होतं. मनातल्या मनात मात्रा मोजत मी निषादापर्यंत आलो, दोन मात्रा थांबलो, पुढे गेलो.

तिसरं मिनिट उलटल्यावर मागून कोणीतरी शेजाऱ्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, "श्रद्धांजली दोनच मिनिटाची राहते ना जी?"