दोरी कोणाच्या हाती?

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना समुद्र हा काही नित्याचा शेजारी नव्हे. कुलदेवतेच्या दर्शनास वर्षा-दोन वर्षांनी गोव्यास जाणे होते. मंगेशी किंवा कवळे येथे अभिषेक होतो. आणि मग मुलांच्या हट्टाखातर एखादी संध्याकाळ किनाऱ्यावर जाते. अशाच एका खेपेस पेडणे तालुक्यातील मोरजीच्या वाळूवर आम्ही एक नवा खेळ पाहिला. खेळणारा पायांखाली फळी घेतो, कमरेच्या पट्ट्यास भला मोठा कापडी पतंग अडकवितो, आणि वारा त्याला लाटांवरून ओढीत नेतो. याला काइटबोर्डिंग म्हणतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाच्या शर्यतीही झाल्या.

दिसावयास हा खेळ फुलपाखरासारखा हलका. परंतु त्याचे बळ लहान नव्हे. पतंगाचे कापड सामान्यतः नऊ-दहा चौरस मीटर असते, आणि त्याच्या दोऱ्या वीस मीटरांहून लांब असतात. त्या ताणल्या गेल्या म्हणजे आड येणाऱ्याचे अंग कापू शकतात. म्हणून हा पतंग सहसा एकट्याने उडवीत नाहीत. एक जण पतंगाची कड धरून उभा राहतो. खेळणारा दोऱ्या तपासतो आणि अंगठा दाखवितो. मगच पहिला हात सोडतो. वाऱ्याच्या दिशेची जागा मोकळी ठेवणे, पाण्यात शिरणाऱ्यास बाहेर येणाऱ्याने वाट देणे, प्रसंग पडताच कळ ओढून पतंगाचे बळ काढून टाकणे, असे त्यांचे आचारनियमही आहेत.

त्या संध्याकाळी आमच्याच घरातले एक मूल शंख वेचीत वेचीत त्या दोऱ्यांकडे गेले. आम्ही गप्पांत होतो. खेळणाऱ्याची दृष्टी आकाशाकडे होती. त्याने अंगठा दाखविला. परंतु पतंग धरलेल्या तरुणाने हात सोडला नाही. त्याने नुसती मान हलविली. मूल पलीकडे जाईपर्यंत तो तसाच वाऱ्याशी झुंजत उभा राहिला. घडले काहीच नाही. आणि जे घडले नाही, त्याची नोंद कोणत्याही न्यायालयात होत नसते.

परतीच्या वाटेवर आम्ही वकिली सवयीने विचार करू लागलो: अपघात झाला असता, तर दोष कोणाचा? खेळणाऱ्याचा? सोडणाऱ्याचा? मुलाला मोकळे सोडणाऱ्या आमचा? की तेथे फलक न लावणाऱ्या अधिकाऱ्यांचा? कायदा अशा वेळी तराजू हाती घेतो. 1947 साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ क्रिकेटचा एक चेंडू मैदानाबाहेर जाऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या एका स्त्रीस लागला. 1951 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने क्लबाला दोषमुक्त केले; कारण असा चेंडू क्वचितच बाहेर जाई आणि धोका फारच अल्प होता. निर्णय कायद्याच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. परंतु कायदा येतो तो इजा झाल्यानंतर, आणि विचारतो ते एवढेच, की भरपाई कोणी द्यावी. इजा होण्यापूर्वीच्या क्षणी आपण काय करावे, हा प्रश्न त्याच्या तराजूत पुरता मावत नाही.

तथापि कायद्यातच एक कल्पना अशी आहे, की जी येथे वाट दाखविते. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 43 व्या कलमानुसार, अनेकांनी मिळून वचन दिले असेल आणि विरुद्ध ठराव नसेल, तर घेणेकरी त्यांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण वचनपूर्ती मागू शकतो. ‘माझा वाटा चौथाच’ असे म्हणून तो एक सुटू शकत नाही. सार्वजनिक जागेतील सुरक्षितता ही आमच्या मते अशीच आहे. ती चौघांत वाटली, की प्रत्येकाच्या वाट्याला इतकी थोडी येते, की कोणीच उचलीत नाही. ‘सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे’ हे वचन वाटणी करणाऱ्यांच्या बाबतीत खरे आहे. दोरी ज्याच्या हाती, त्याचे कर्तव्य पहिले, यात शंका नाही. परंतु धोका ज्याला दिसला, त्याच्यावर त्या क्षणी तो भार सगळाच्या सगळा येतो. मोरजीच्या त्या तरुणाने आपला वाटा मोजला नाही.

आणि आम्ही? त्यानंतरच्या संक्रांतीस आमच्याच गावी रस्त्यावर आडवा लोंबणारा नायलॉनचा मांजा आम्हांस दिसला होता. अशा मांजाची विक्री, साठा आणि वापर यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे, हे आम्ही जाणत होतो. विकणारा, विकत घेणारा, पोलीस, नगरपालिका, अशी दोषाची यादी आमच्या मनात तयार झाली. मान वाकवून आम्ही गाडी पुढे काढली, आणि तो दोरा मागून येणाऱ्यासाठी तसाच राहिला. त्याने कोणास इजा झाली की नाही, हे आम्हांस कधी कळले नाही. आणि ती टोचणी अद्याप गेलेली नाही.

कलबुर्गीस श्रीशरणबसवेश्वरांच्या जत्रेतील रथोत्सव वाचकांनी पाहिलाच असेल. रथाच्या दोरास हात लावण्याचे पुण्य सर्वांना हवे असते. परंतु दोर ओढणाऱ्यास मागचे चाक दिसत नाही. चाकाजवळ असलेल्याने ‘थांबा’ म्हटले, की ओढणाऱ्याने थांबावे, आणि तेव्हा त्याचा हुद्दा विचारू नये. तोही सेवाच करीत असतो.

येत्या संक्रांतीस तिळगूळ वाटताना मुलांच्या हाती साधा सुती दोरा द्यावा, आणि वाटेत पडलेला मांजा दिसला, तर तो कोणाचा, हे न पाहता गुंडाळून घ्यावा, एवढेच आमचे मागणे आहे. त्यास दोन मिनिटे पुरतात. आम्हांसही पुरली असती.