आधी हजर हो, मग भांड

ओतूर

चि. सागर यास,


ताईने काल तुझ्या नावाचं साखर कारखान्याचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. हंगाम सुरू होतोय, अमुक तारखेला टाइम ऑफिसला हजर व्हावे, एवढाच मजकूर. तू चाकणला ठेकेदाराकडे रमलास, हातात पैसा जरा जास्त खेळतोय, म्हणून ‘बघू, जमलं तर जाईन’ असं तिला म्हणालास म्हणे. माझी सगळी नोकरी टाइम ऑफिसात गेली. असं ‘बघू’ म्हणणाऱ्यांच्या फायली मी पाहिल्यात, म्हणून लिहितोय.

गाळप संपलं तेव्हा नोकरीही संपली आणि आता नव्याने बोलावलंय, अशी तुझी समजूत दिसते. ती काढून टाक. तू ‘हंगामी कायम’ आहेस. बंद हंगामात काम नसतं, पगार नसतो, पण नोकरी असते आणि ती राखल्याबद्दल रिटेन्शन मिळतं. पीएफच्या 1952 च्या कायद्यातच त्याची व्याख्या होती. कारखाना चालू नसताना कामगाराची सेवा राखून ठेवण्यासाठी दिलेला भत्ता, आणि त्यावरही पीएफ भरायचा. तू नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलत होतास, तेव्हाही सेंट्रिफ्युगल मशीनवरची तुझी जागा तुझ्याच नावावर होती. बदल्यात बोलावल्यावर येणं, एवढंच तुझ्याकडून हवं होतं. रिटेन्शन किती टक्के आणि कधी मिळतं ते करारात असतं, कुशलाला जास्त, अकुशलाला कमी. युनियनकडून कराराची प्रत आण आणि स्वतः वाच.

चाकणची पोरं म्हणतात, काम बंद असलं तर निम्मा पगार मिळतो. मिळतो, पण तो ले-ऑफचा, म्हणजे मालकाने काम न देता तात्पुरतं बसवून ठेवलं तर. बारमाही कारखाना, 50 किंवा जास्त कामगार आणि वर्षाची सेवा, अशा ठिकाणी मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. तिथेही कामगाराने ठरल्या वेळी रोज हजेरी दिली नाही तर ती जाते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने हंगामी उद्योग यातून वगळले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले, हे वगळणं मात्र राहिलंच. मला ते कधी पटलं नाही, पण आज कायदा तसा आहे आणि म्हणूनच तुझ्यासाठी रिटेन्शन मोलाचं.

तारीख पुढेमागे होते अशी तुझी तक्रार. धालेवाडीचा विघ्नहर असो की पारगावचा भीमाशंकर, गाळप कधी सुरू करायचं ते कारखाना एकटा ठरवत नाही. मंत्री समिती तारीख ठरवते, साखर आयुक्त परवाना देतात. 2024 ला ती 15 नोव्हेंबर होती, 2025 ला 1 नोव्हेंबर. त्यात पाऊस लांबला, तोडणीच्या टोळ्या उशिरा आल्या, की पुन्हा घोळ. पण तो घोळ त्यांचा. तू पत्रातल्या तारखेलाच जा. गव्हाणीत उसाची मोळी पडली नसली तरी ‘मी आज कामावर हजर झालो आहे, काम करण्यास तयार आहे’ असा हजर रिपोर्ट दोन प्रतींत लिही, एक दे आणि दुसरीवर आवक शिक्का व तारीख घे. क्लार्क म्हणेल, कशाला रे कागद, मी लिहून घेतो. गोड बोलून शिक्का घेच. आणि चाकणच्या खोलीचा पत्ता कारखान्याला लेखी कळव. पत्र गावच्या पत्त्यावर पडून राहिलं आणि मुलगा गैरहजर ठरला, असं मी पाहिलंय.

आजारी पडलास तर दाखल्यासह अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने टाक, पावती जपून ठेव. आठ दिवस गैरहजर राहिलं की नाव कापतात, असं तुला कुणीतरी सांगेल. कारखान्याच्या स्थायी आदेशांत तसं कलम असतं खरं. पण फरिदाबादच्या एका कारखान्यातले डी. के. यादव याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टात गेले. 1993 मध्ये कोर्टाने सांगितलं, चौकशी न करता, म्हणणं न ऐकता असं आपोआप काढता येत नाही. हा निकाल ध्यानात ठेव, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नकोस. निकाल मिळेपर्यंत किती हंगाम जातात ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला विचार.

आता पैशाचं. हंगामी कामगाराला ग्रॅच्युइटी दर हंगामाला सात दिवसांच्या पगाराइतकी मिळते, बारमाहीला वर्षाला पंधरा. कारखाना जितके दिवस चालला त्यांपैकी 75 टक्के दिवस तू कामावर असलास तरच तो हंगाम अखंड सेवेत धरतात. समज, गाळप 120 दिवस चाललं. तू दिवाळी, मग लग्नसराई असं करत 31 दिवस बुडवलेस, तर उरले 89. लागतात 90. एका दिवसाने हंगाम गेला! बंद हंगामात दुरुस्तीला बोलावतात ते दिवसही वहीत टिपून ठेव. वर्षभर काम करून घेतलं आणि हिशेब हंगामीचा लावला, तर ती वही कामाला येईल.

समजा तुझी जागा दुसऱ्याला दिली आणि तुला कमी पगारावर गेटवर उभं राहायला सांगितलं. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू तोंडावर पत्र फेकून निघून येशील. नेमकं तेच त्यांना सोयीचं पडतं. आधी हजर हो, ‘हरकत राखून रुजू होत आहे’ असं लिहून दे, मग युनियन आणि तिथे जमलं नाही तर पुण्याचं अपर कामगार आयुक्त कार्यालय. तुला बोलावलंच नाही आणि तुझ्या मागून लागलेल्यांना घेतलं, तरी हंगाम सुरू झाला की स्वतः जाऊन हजर रिपोर्ट दे. कामावर यायची तयारी होती याचा तोच पुरावा.

आणि चाकणलाच राहायचं ठरवलंस तर तेही चुकीचं म्हणणार नाही. ठेकेदाराची नोकरी किती दिवस टिकते एवढं विचारून घे. मात्र मग राजीनामा लेखी दे, नोटिशीची मुदत पाळ, देणी मागून घे. रात्री तिसऱ्या पाळीला तुझ्या मशीनवर कोण उभं राहायचं, हे तुझ्या फोरमनला आधी कळायला नको का? काहीच न कळवता चाकणला बसून राहिलास आणि रिटेन्शनही मागितलंस, तर मी तुझ्या बाजूने बोलायला येणार नाही.

येणार असशील तर ठेकेदाराकडून पगाराच्या स्लिपा घेऊन ये, आणि पीएफचा यूएएन दोन्हीकडे एकच आहे का ते बघ. रात्रपाळी लागली तर उसातल्या वाटेने एकटा येऊ नकोस, बिबटे वाढलेत. हजर रिपोर्टचा मसुदा मी लिहून ठेवतो, रविवारी ये.

तुझा,
मामा