त्यांनी कशाला होकार दिलेला असतो?

हायवेवर अपघात झालाय. कंटेनरच्या मागे कार घुसली आहे. चालक स्टेअरिंग आणि सीटच्या मध्ये अडकलाय, शुद्धीवर आहे, ओरडतोय. अग्निशमन दलाची गाडी येते, जवान उतरतात आणि पुढची काही मिनिटं त्याला बाहेर काढण्यासारखं काहीच करताना दिसत नाहीत. एकजण कारभोवती फेरी मारतो. दुसरा खाली लाकडी ठोकळे सरकवतो. तिसरा बॅटरीची वायर काढतो. गर्दीतून कुणीतरी ओरडतंच, "अरे बघताय काय, ओढा त्याला बाहेर!"

ते नुसते बघत नसतात. ठोकळे न लावता कापायला घेतलेली गाडी हलते. आतल्या माणसाचा मणका दुखावलेला असेल, तर तेवढ्या हलण्यानेही तो आयुष्यभरासाठी अंथरुणाला खिळू शकतो. बॅटरी चालू राहिली तर न फुटलेली एअरबॅग काम चालू असताना फुटू शकते आणि तेव्हा जवानाचं डोकं नेमकं तिच्यासमोर असू शकतं. ही तयारी झाली की कुणीतरी आत शिरून चालकाची मान स्थिर धरतं, त्याच्याशी बोलत राहतं. मग स्प्रेडरने दार उचकटलं जातं, कटरने छताचे खांब कापले जातात. शेजारच्या लेनमधून ट्रक जातच असतात. काही ड्रायव्हर वेग कमी न करता, एका हाताने शूटिंग करत जातात.

या सगळ्यात एक प्रश्न तिथे कुणी विचारत नाही : चूक कुणाची होती? चालक प्यायलेला होता का, रील बघत होता का, सीटबेल्ट लावला होता का, यावर त्याला काढायचं की नाही हे ठरत नाही. ज्याने धडक दिली आणि ज्याला धडक बसली, दोघांसाठी तोच कटर चालतो. आधी कुणाला काढायचं हे जखमेवरून ठरतं, गुन्ह्यावरून नाही. आपल्या समाजात मदत करण्याआधी माणसाची लायकी तपासायची सवय खोलवर मुरलेली आहे. तिथे अशी एक तरी जागा शिल्लक आहे, याचं मला मोल वाटतं.

पण त्यांनी हा प्रश्न विचारायचा नाही, म्हणजे आपणही विचारायचा नाही का?

अग्निशमन जवानांच्या धोक्याबद्दल बोलणं निघालं की एक उत्तर तयार असतं : त्याचा पगार मिळतो त्यांना. माहीत होतं ना, मग नोकरी का धरली? ऐकायला हे उद्धट वाटतं, पण ते उडवून लावण्याजोगं नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या कायद्यात हेच म्हणणं सभ्य भाषेत मांडलेलं आहे. तिथे त्याला 'फायरफायटर्स रूल' म्हणतात. कुणाच्या निष्काळजीपणामुळे आग लागली आणि ती विझवताना जवान जखमी झाला, तर तो त्या माणसाकडून नुकसानभरपाई मागू शकत नाही. कारण आगीशी झुंजणं हेच त्याचं काम, त्याने तो धोका स्वीकारलेला आहे आणि समाज त्याला त्याचा मोबदला देतो. शिवाय लोकांना खटल्याची भीती वाटली तर ते फायर ब्रिगेडला फोन करायला कचरतील, असाही युक्तिवाद असतो. काही राज्यांनी पुढे हा नियम सोडून दिला किंवा सैल केला, पण त्यामागचा विचार जगभर लोकांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे.

इंग्लंडमध्ये असाच प्रश्न 1987 साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आला. एका घरमालकाने छताच्या कडेच्या लाकडी फळ्यांवरचा जुना रंग ब्लोलॅम्पने जाळून काढायला घेतला आणि घराला आग लावून बसला. विझवायला पोटमाळ्यावर चढलेला जवान अंगावर संरक्षक पोशाख असूनही भाजला. घरमालकाचं म्हणणं, ही तर नेहमीसारखी आग होती, त्याचं कामच ते. न्यायालयाने ते मानलं नाही. तुमच्या निष्काळजीपणामुळे आग लागली, ती विझवायला कुणीतरी येणार हे तुम्हाला समजायला हवं होतं, आणि तो जखमी झाला तर जबाबदारी तुमची, असा तो निकाल.

मला हा दुसरा विचार बरोबर वाटतो आणि त्याचं कारण पैशापेक्षा होकाराशी जोडलेलं आहे. जवान नोकरीत येतो तेव्हा तो एका धोक्याला होकार देतो, हे खरं. पण कुठल्या? शॉर्टसर्किट होणार, सिलिंडर गळणार, घाटात ब्रेक फेल होणार. माणसं राहतात तिथे हे घडतच राहणार आणि तेव्हा आत जायला कुणीतरी लागणार. त्याने होकार दिला तो याला. गच्चीच्या दाराला आपण घातलेल्या कुलपाला त्याने होकार दिलेला नाही. जिन्यात रचलेल्या जुन्या कपाटांना, बंद पडलेल्या पंपाला, बंब वळायच्या जागी लावलेल्या गाड्यांनाही नाही. पगार त्याचा वेळ, त्याचं प्रशिक्षण आणि त्याची तयारी विकत घेतो. आपला आळस त्याच्या जिवावर टाकायचा परवाना त्यात येत नाही.

यावर कुणी म्हणेल, माणसं निष्काळजी असतात हेही त्याला माहीत होतंच. बरोबर, माहीत असतं. पण एखादी गोष्ट होणार हे माहीत असणं आणि ती मान्य असणं वेगळं. रात्री उशिराच्या लोकलमध्ये चढणाऱ्या मुलीला त्रास होऊ शकतो हे ठाऊक असतं. म्हणून तिने त्रासाला संमती दिली, असं आपण म्हणत नाही.

14 एप्रिल हा दिवस आपल्याला आंबेडकर जयंती म्हणून माहीत असतो. त्याच तारखेपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो, त्यामागे मुंबईतली घटना आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजावर सुमारे 1400 टन स्फोटकं होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्याही. त्यातही एकाच कप्प्यात कापूस आणि स्फोटकं, दोन्ही. दुपारी आग लक्षात आली. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. जहाज जागीच बुडवायचं की बंदराबाहेर ओढून न्यायचं, याचा निर्णय मात्र वेळेत झाला नाही. चारनंतर काही मिनिटांतच पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे 66 जण होते.

त्या 66 जणांचं शौर्य निर्विवाद आहे. पण ते ज्या धोक्यासमोर उभे होते, तो त्या दुपारी जन्मला नव्हता. कापसाला सरकी लावून स्फोटकं ठेवायची, हे दूर कुठेतरी, जागा वाचवायच्या हिशेबात, आधीच ठरलं होतं. ते ठरवणाऱ्यांपैकी कुणाच्या हातात त्या दिवशी पाण्याचा पाइप नव्हता.

आपण त्यांना वीर म्हणतो, शहीद म्हणतो, आणि तिथे आपला हिशेब मिटतो. 9 मे 2015 रोजी काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. दोन अधिकारी ढिगाऱ्याखाली गेले. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि आणखी एक अधिकारी होरपळले, ते पुढे रुग्णालयात वारले. तेव्हा शहर हळहळलं, ते खोटं नव्हतं. पण हळहळ मेलेल्यांसाठी असते. उद्या जो आत जाणार आहे, त्याच्यासाठी काय करायचं, हा प्रश्न तिला सुचत नाही.

त्याचं उत्तर फारसं भव्य नाही. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीतली आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटी असेल तर सगळ्यांची मिळून. सोसायटीच्या सभेत रंगाच्या शेडवर तास जातो, आणि हा विषय आला की 'बघू पुढच्या वेळी'. तुम्ही भाड्याने राहत असाल तर सभेत मत नसेल, पण विचारायला कुणी अडवत नाही. आणि जिन्यात चार्जिंगला लावलेली स्कूटर, दारासमोरचा शू रॅक, बंबाच्या वाटेतली बाईक तर आपलीच असते.

बंब आला की आतले लोक आपल्याला विचारणार नाहीत की हे इथे कुणी ठेवलं. धुरात हाताने चाचपडत ते त्या शू रॅकला अडखळतील, तो बाजूला करतील आणि वर येतील. नंतरही कदाचित कुणी बोलणार नाही. त्यांच्या कामात तो प्रश्न बसत नाही, म्हणून तो आपल्याकडे राहतो. आज संध्याकाळी लिफ्टऐवजी एकदा जिन्याने खाली उतरून पाहा. दिवे बंद आहेत आणि धूर भरलाय असं समजा. आणि खालून कुणीतरी आपल्यासाठी वर येतंय, असंही समजा.