भाऊबीजेची ओवाळणी आणि क्रोशाची सुई

दिवाळी जवळ येऊ लागली की आपल्या नवागामच्या वस्तीत दुहेरी लगबग सुरू होते. एकीकडे सुरतेच्या कापड बाजाराची सणापूर्वीची घाई शिगेला पोहोचलेली असते, तर दुसरीकडे उधना-जळगाव लोहमार्गाने गावी जाण्याचे बेत घरोघरी चाललेले असतात. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी येथे आली आणि येथीलच झाली. लक्ष्मीपूजनापासून लाभपंचमीपर्यंत बाजार बंद असतो. वर्षभरात सर्वांना एकदम मोकळीक मिळते ती याच दिवसांत. भाऊ बहिणीच्या घरी जातो, ओवाळून घेतो आणि तबकात काहीतरी ठेवतो. काय ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ, बायकामाणसांनी स्वयंपाकघरात सोडवावा असा. आम्हाला मात्र तो नीतीचा प्रश्न वाटतो, आणि तसा तो का वाटतो हेच येथे मांडावयाचे आहे.

गेल्या दिवाळीत परिचयाच्या एका घरी आम्ही भाऊबीजेला हजर होतो. घरची बाई दिवसभर बाजारातून आलेल्या साड्यांचे धागे कापण्याचे काम करते, मोबदला नगावर. रात्री भांडी आवरली, मुले निजली की ती एक पत्र्याचा डबा उघडते आणि क्रोशाची सुई हाती घेते. देवापुढील रुमाल, दाराची तोरणे, शेजारच्या बाळाचे टोपडे अशा कितीतरी वस्तू तिने आजवर केल्या आहेत. तिचा भाऊ बाजारातच नोकरीला असल्याने दरवर्षी साडी आणी. घडी न मोडलेल्या अशा साड्या तिच्या पेटीत बऱ्याच साठल्या आहेत. गेल्या वर्षी मात्र त्याने तांबड्या आणि पांढऱ्या दोऱ्याचे दहा गुंडे आणले. ताईचा चेहरा असा उजळला की आम्हालाही आनंद झाला. इतक्यात भाऊ म्हणाला, "ताई, आमच्या नव्या घराच्या दारासाठी एक मोठे तोरण कर, आणि हिच्या माहेरी द्यायला चार रुमाल. दोरा तर मी दिलाच आहे."

"करीन हो," ताई म्हणाली आणि गुंडे डब्यात ठेवू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. परंतु चेहऱ्यावरचा उजेड मात्र गेला होता. घरी परतताना आमच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला : या भावाने बहिणीला नेमके दिले काय?

भाऊ वाईट नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. साडी आणणाऱ्यापेक्षा त्याने एक पाऊल पुढे टाकले होते. सुरतेत साडी देणे सर्वांत सोपे. ती हाताशी असते आणि ओळखीने स्वस्त मिळते. ती दिल्याने रीत पाळली जाते, पण घेणारीकडे पाहण्याची गरज पडत नाही. दोरा आणावयाचा तर बहीण रात्री काय करते, कशात रमते, हे पाहिलेले असावे लागते. भावाने ते पाहिले होते. चूक झाली ती त्याच्या पुढे. आपले पाहणे त्याने लगेच कामास जुंपले.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे अशा भावनेने, योग्य स्थळ, योग्य काळ व योग्य पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. उलट काही मिळावे म्हणून किंवा कष्टी मनाने दिलेले ते राजस. आणि अवेळी, अपात्री, आदर न ठेवता दिलेले ते तामस. कोणी म्हणेल, भाऊबीजेची ओवाळणी हे दान नव्हे, तो नात्याचा व्यवहार आहे. तेथे घेणे-देणे चालायचेच. हा आक्षेप खोटा नाही. नात्यात देवघेव असतेच आणि असावी. परंतु देवघेव उघडपणे देवघेव म्हणून व्हावी. भेटीच्या वेष्टनात गुंडाळून काम सांगितले की घेणारीला ना भेटीचा आनंद मिळतो ना कामाचा मोबदला, आणि सणाच्या दिवशी नाही म्हणण्याची सोयही उरत नाही. साध्या मागणीहून ही मागणी जड असते ती यामुळेच.

येथे या कलेचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागेल. 'क्रोशे' हा शब्द फ्रेंच भाषेतील असून त्याचा अर्थ लहान आकडी असा आहे. एक आकडी, एक दोरा आणि एका वेळी बहुधा एकच जिवंत फास, एवढ्यावर हा सारा संसार उभा राहतो. साखळी, मुका खांब, खांब असे एकेक टाके पूर्ण करीतच पुढे जावे लागते. पुढचा टाका कोठून उचलावा हे हातच ठरवितो. याच कारणाने क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र आजही बाजारात आलेले नाही. क्रोशा लेस म्हणून यंत्रावर जी पट्टी निघते ती निराळ्या पद्धतीच्या विणीने केलेली नक्कल असते. ज्या शहरात लाखो यंत्रमाग रात्रंदिवस खडखडतात, त्याच शहरातील एका खोलीत जे काम कोणत्याही मागाला येत नाही ते एक बाई करीत बसलेली असते. दिवसा तिने कापलेल्या धाग्यावर तिचे काही नाव नसते. उद्या ते दुसऱ्या कोणी कापले तरी साडीला फरक पडत नाही. रात्रीच्या रुमालात मात्र पाकळी पाच खांबांची की सात खांबांची, हे तिने ठरविलेले असते. हे ठरविण्याचे स्वातंत्र्य हाच तिचा छंद. भावाने दोऱ्याबरोबर नमुना, माप आणि मुदतही दिली, तेव्हा दोरा तिच्या डब्यात आला, पण ठरविणे तिच्या हातून गेले.

छंद म्हणून केलेल्या कामाला किंमत कशाची, असेही कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसवर अनेक कुटुंबांनी जीव तगविला. आपल्या देशात आंध्रातील नरसापूरच्या परिसरात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला रुजविली, आणि तेथील स्त्रियांच्या हातची लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने या कारागिणींवरील आपला ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध केला. त्यात तिने दाखवून दिले की, या स्त्रिया जगाच्या बाजारासाठी माल तयार करीत होत्या, तरी त्यांना कामगार न मानता फावल्या वेळात काही करणाऱ्या गृहिणी मानले जाई. आणि याच समजुतीच्या आधारे त्यांना अत्यल्प मोबदला मिळे. २०२४ साली नरसापूरच्या या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु 'तिला आवड आहेच, मग करील सहज' हे वाक्य किती महाग पडते, याचा धडा तेवढ्याने पुसला जात नाही. तेच वाक्य आपण आपल्या घरात भावाच्या, जावेच्या, नणंदेच्या तोंडून प्रेमाने उच्चारतो, एवढाच फरक.

तर मग करावे काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे काही गोष्टी सुचवितो.

दोरा द्यावयाचा तर तिच्या हाताला चालणारा द्यावा. गुंड्यावरील चिठ्ठी पाहिली म्हणजे पुष्कळ कळते. सुती दोऱ्याचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. वीस आकड्याचा वापरणारीला ऐंशीचा दिला तर तो पडून राहील. जॉन मर्सर याने १८४४ साली शोधलेल्या प्रक्रियेवरून ज्याला मर्सराइज्ड म्हणतात, तो दोरा चकाकतो, बळकट असतो आणि त्यात टाका स्वच्छ उठतो. भरतकामाच्या सुटणाऱ्या सहापदरी लड्या क्रोशासाठी घेऊ नयेत. आकडी पदरांत अडकते. सुरतेच्या हवेत जाड लोकरीचा उपयोग थोडाच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका रंगाचे सर्व गुंडे एकाच वेळी आणि रंगाच्या एकाच घाणीचे घ्यावे. चिठ्ठीवर तो क्रमांक छापलेला असतो. तो जुळला नाही तर अर्ध्या रुमालावर रंगाची रेघ उमटते, आणि महिन्याभराचे काम विटते. दुकानदाराची पावती जपून तिलाच द्यावी, म्हणजे तिला बदलून घेता येईल.

दोऱ्याचा अंदाज नसेल तर दुसऱ्या गोष्टी आहेत. बोटांना रुतणार नाही अशा जाड मुठीची सुई, बारीक टोकाची कात्री, मापाची फीत, नमुने उतरवून ठेवण्यासाठी चौकटीची वही, यांपैकी काहीही चालेल. चाळिशी ओलांडलेल्या बहिणीला चांगला दिवा किंवा योग्य क्रमांकाचा चष्मा करून द्यावा. त्याहून मोठी ओवाळणी आम्हाला सुचत नाही. आणि ज्यांच्या खिशात यांपैकी कशालाही पैसे नाहीत त्यांनी भाऊबीजेची एक दुपार द्यावी. जेवणानंतर पाहुण्यांनी भांडी घासावीत, मुलांना देवळात नेऊन आणावे आणि तिला दिवसाच्या उजेडात दोन तास बसू द्यावे. रात्रीच्या झोपेतून चोरलेला वेळच जिला ठाऊक आहे, तिला उजेडातील दोन तासांचे मोल सांगावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. घरात औषधाची किंवा मुलाच्या फीची अडचण असेल, तर छंदाचे निमित्त करून दोरा नेणे हीही एक प्रकारची अंधता आहे. तेथे रोख रक्कम द्यावी आणि तिचा उच्चार कोठेही करू नये. पात्र पाहून देणे म्हणजे त्या माणसाची आजची गरज पाहून देणे.

आणि तोरण हवेच असेल तर? अवश्य सांगावे, पण भाऊबीजेला नव्हे. दुसऱ्या एखाद्या दिवशी जावे, दोरा आपण आणावा, किती दिवस लागतील ते तिला विचारावे आणि मजुरी आधी ठरवावी. 'बहिणीला पैसे कसे द्यायचे?' असा संकोच पुष्कळांना होतो. आम्ही उलट विचारतो, बहिणीचे दिवस फुकट कसे घ्यायचे? ती स्वतः होऊन भेट म्हणून करून देईल तर ती आनंदाने घ्यावी आणि वापरावी. पेटीत जपून ठेवलेला रुमाल हा अर्धवट स्वीकारलेला रुमाल होय. तो देवापुढे अंथरावा, धुवावा, पुन्हा अंथरावा.

त्या घरी आम्ही नंतर संक्रांतीला गेलो. तोरण आणि चारही रुमाल भावाकडे पोहोचले होते, आणि फार सुरेख झाले होते असे कळले. ताईच्या डब्यात उरलेल्या तांबड्या दोऱ्याची तळहाताएवढी एक चकती होती. सात खांबांची पाकळी, कडेला साखळीची झालर. हे कशासाठी केले, असे आम्ही सहज विचारले. ती थोडी लाजली आणि म्हणाली, "कशासाठीच नाही. दोरा उरला होता."

भावाने दिलेल्या दहा गुंड्यांपैकी खरी भेट तेवढीच होती, असे आम्हाला त्या वेळी वाटले. हे आम्ही पुढे त्याच्यापाशी बोललो. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग दोऱ्याच्या चिठ्ठीवरचा क्रमांक कसा पाहायचा ते त्याने आम्हाला विचारले. यंदाच्या दिवाळीस वाचक बंधूंनीही बहिणीचा डबा एकदा उघडून पाहावा, तिला विचारावे, आणि तबकात जे ठेवाल त्याबरोबर कोणतेही काम सांगू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.