ओट्याखालचं पातेलं

आमच्या ओट्याखाली एक जुनं जर्मनचं पातेलं चार महिने बसून होतं. सिंकच्या पाइपातून पाणी ठिबकायचं, ते त्यात जमायचं. रात्री भांडी झाली की मी पातेलं ओतून यायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. समोर पडदा असल्यामुळे काही दिसत नव्हतं. कुबट वास यायचा, झुरळं वाढली होती, तरी रोजचं काम अडत नव्हतं, म्हणून चाललं होतं. आमचं धाड हे बुलढाणा तालुक्यातलं, मराठवाड्याच्या सीमेजवळचं गाव. पाणी भरून ठेवून, बेताबेताने वापरायची सवय इथे लहानपणापासून लागते. एवढी काटकसर अंगात असताना मी रोज तांब्याभर खरकटं पाणी गोळा करत होते आणि त्यालाच दुरुस्ती समजत होते. मधल्या काळात दोनदा खाली बसून पाइपाच्या वळणावर चिकटपट्टीही गुंडाळली. थेंब तिथूनच पडत होते ना!

शेवटी मिस्त्रीकाकांना बोलावलं. ते आले, मांडी घालून बसले, माझी चिकटपट्टी सोडली आणि म्हणाले, “ताई, पाणी पडते कुठं ते नका पाहू. निघते कुठून ते पाहा.” मग त्यांनी सुती फडकं मागितलं आणि अख्खा पाइप वरपासून खालपर्यंत कोरडा पुसला. खाली वर्तमानपत्राचा कागद पसरला. सिंकच्या जाळीवर बूच लावून मला सिंक अर्धं भरायला सांगितलं आणि बूच एकदम काढायला लावलं. आम्ही दोघं बॅटरीच्या उजेडात बघत राहिलो. पहिली ओल चमकली ती थेट वर, जाळीच्या खालच्या नटापाशी. तिथून पाणी पाइपाच्या वळ्यांवरून हळूहळू खाली आलं, सगळ्यात खालच्या वळणावर थांबलं, थेंब झालं आणि कागदावर पडलं. माझी चिकटपट्टी होती तिथे पाइप अगदी धड होता. नटातलं वायसर मात्र पापडासारखं कडक झालं होतं. काकांनी आट्यांमधला चिकट मळ काढला, नवं वायसर घातलं आणि नट हातानेच आवळला. पाना लावून जास्त ओढलं तर प्लास्टिकचे आटे जातात म्हणाले. पाइपाला एक वेढा देऊन तो बांधून ठेवला. त्या वळणात थोडं पाणी कायम राहू द्यायचं, म्हणजे गटारीचा वास आणि किडे वर येत नाहीत. ही युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने 1775 साली लंडनमध्ये शौचकुपाच्या पाइपाला असंच वळण देऊन त्याचं पेटंट घेतलं होतं. निघताना काकांनी अजून एक सांगितलं: शेवयांचं किंवा भाताचं उकळतं पाणी तसंच सिंकमध्ये ओतू नका, आधी त्यात गार पाणी मिसळा. प्लास्टिक मऊ पडतं आणि जोड ढिले होतात.

मला सारखं आठवतं ते फडकं. ओल्या पाइपावर गळती सापडत नाही, कारण सगळीकडेच पाणी असतं. घरातही तसंच होतं. सकाळी डब्यावरून आवाज चढतो. पोराचा एक मोजा सापडत नाही आणि त्याला बोलणी बसतात. पण ती ओल वरून आलेली असते: रात्रीची अपुरी झोप, भरायची राहिलेली फी, कोणाचा तरी मनाला लागलेला शब्द. आपण मोज्यावर चिकटपट्टी लावत बसतो. रोज थोडी समजूत घालतो, थोडं गप्प बसतो, म्हणजे पातेलं ओतून परत जागेवर ठेवतो. आवाज चढलेला असताना कारण शोधू नये असं मला आता मनापासून वाटतं. आधी घर कोरडं होऊ द्यावं. चहा व्हावा, पोरगं शाळेत जावं, दुपार उलटावी. मग शेजारी बसून विचारावं, “काय झालंय?” आणि उत्तर येईपर्यंत बघत राहावं. बहुतेक वेळा दोष लहानच निघतो, वायसराएवढा. त्यासाठी वाकावं मात्र लागतं. आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा कुठल्याही गावात गेले की दिवसा हातात खराटा घेऊन रस्ते-गटारी साफ करत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी वाकणं, मग बोलणं, हा त्यांचा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आज रात्री भांडी झाली की ओट्याखालचा पडदा जरा बाजूला करा. पाइप पुसून घ्या, सिंक अर्धं भरून सोडा आणि कोरडा हात वरच्या नटापासून खालपर्यंत फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे. हात कोरडा निघाला तर उत्तमच. ओला निघाला तर खाली भांडं ठेवू नका. वायसर चहाच्या पैशात मिळतं.