योगक्षेम आणि भाडे : आर्नहेममधील गृहस्थाचा प्रश्न

गृहस्थाश्रमातील अर्थार्जनाला धर्मशास्त्राने कधीही कमी लेखलेले नाही; उरलेल्या तिन्ही आश्रमांचा भार गृहस्थच वाहतो, असे मनुस्मृतीचेही मत आहे. तरीही वाढत्या मुलांच्या भवितव्यासाठी तीन-चार बिऱ्हाडे राहू शकतील अशी इमारत कर्ज काढून विकत घेणे आणि त्या बिऱ्हाडांच्या भाड्यातून मुलांच्या शिक्षणाची तरतूद करणे हा निव्वळ हिशेबाचा विषय राहत नाही, कारण येथे एका कुटुंबाचा क्षेम दुसऱ्या कुटुंबाच्या गरजेवर उभा असतो. ‘योगक्षेम’ या संज्ञेतील योग म्हणजे अप्राप्त वस्तू मिळवणे आणि क्षेम म्हणजे मिळालेल्या वस्तूचे रक्षण करणे. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात हा भार अनन्यभक्तांसाठी ईश्वर स्वतः उचलतो. ज्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे, त्या गृहस्थाला मात्र तो बहुधा स्वतःच उचलावा लागतो.

ऱ्हाईन नदीकाठचे आर्नहेम हे नेदरलँड्समधील गेल्डरलँड प्रांताच्या राजधानीचे शहर या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयोगी आहे. तेथील स्पाइकरक्वार्टीर या वस्तीत एकोणिसाव्या शतकात सधन कुटुंबांसाठी बांधलेली प्रशस्त घरे पुढे मजल्यामजल्यांनी विभागली गेली, आणि एका दारामागे अनेक संसार सुरू झाले. याच शहराने सप्टेंबर १९४४ च्या लढाईनंतर जर्मन सैन्याच्या आदेशाने जवळजवळ सगळी लोकसंख्या बाहेर पडताना पाहिली आणि रिकाम्या घरांची लूटही पाहिली. मालकीचा कागद असणारे आणि नसणारे त्या काळात सारखेच बेघर झाले होते. घर हे मुळात आश्रयस्थान आहे आणि मालमत्ता नंतर, हे सांगण्यासाठी त्या शहराला तत्त्वज्ञाची गरज पडू नये.

आजचा डच कायदा हा भेद आकड्यांत मांडतो. स्वतः राहण्यासाठी घर घेणाऱ्याला हस्तांतरण कर, म्हणजे मालकी बदलताना खरेदीदाराने भरावयाचा कर, सामान्यतः २ टक्के पडतो, तर भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्याला तो २०२६ पासून ८ टक्के आहे आणि त्याआधी १०.४ टक्के होता. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या परवडणाऱ्या भाड्याच्या कायद्यानुसार घराचे क्षेत्रफळ, ऊर्जाबचतीची प्रत, सोयी आणि सरकारी मूल्यांकन यांना गुण दिले जातात; स्वतंत्र घराला १८६ पर्यंत गुण मिळाले, तर नव्या करारातील भाड्याला कमाल मर्यादा लागते, त्यापुढे ती लागत नाही. त्याच दिवसापासून बेमुदत भाडेकरार हा नियम झाला आणि मुदतीचा करार अपवाद ठरला. या बदलांनंतर अनेक घरमालकांनी भाडेकरू गेल्यावर घरे विकून टाकणे पसंत केले. त्यातून कायद्याच्या मर्यादेचाही बोध होतो, कारण कायदा भाडे बांधू शकतो, परंतु घर भाड्याने देण्याची इच्छा निर्माण करू शकत नाही.

मग गृहस्थाने स्वतःवर कोणती मर्यादा घालावी? जैन परंपरेने श्रावकासाठी, म्हणजे संसारी उपासकासाठी, सांगितलेले ‘परिग्रहपरिमाण’ हे अणुव्रत येथे फार नेमके आहे. साधूने सर्वस्वाचा त्याग करावा. श्रावकाने मात्र आपण किती बाळगणार याची सीमा आधीच ठरवून घ्यावी, आणि त्या मोजदादीत शेत व घर अगदी आरंभी येतात. टीकाकार माणसाला ओळखून होते, कारण शेजारची दोन घरे मधली भिंत पाडून एक करावीत आणि संख्या मोडली नाही असे म्हणावे, ही पळवाटही त्यांनी दोष म्हणून नोंदवून ठेवली आहे. (चार बिऱ्हाडांची इमारत ‘एकच घर’ म्हणून मोजणाऱ्याने हे जरूर वाचावे.) व्रताचा खरा कस ‘मुलांसाठी’ या शब्दापाशी लागतो. स्वतःच्या गरजेला कोठेतरी शेवट असतो. अपत्यस्नेहाच्या नावाने केलेल्या संग्रहाला तो आपोआप सापडत नाही, म्हणून तो आधी ठरवावा लागतो.

याच्या उलट टोकालाही धोका आहे, आणि तो दाखवणारे उदाहरण देहूचे आहे. तुकोबांनी सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वज्ञात आहे. वारकरी परंपरा तिच्यासोबत जो तपशील सांगते, त्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. खतांची वाटणी झाली, बंधू कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला गेला आणि बुडाली ती केवळ तुकोबांच्या वाट्याची खते. त्याग स्वतःच्या हिश्श्याचाच करता येतो. आई-वडिलांनी पुण्यासाठी मुलांचे अन्न दान करू नये, हे यातून निघते. पण त्याच न्यायाने भाडेकरूच्या वाट्याची निश्चिंती आपल्या मुलांच्या खात्यात जमा करता येत नाही, हेही निघते, कारण ती मालकाच्या हिश्श्यात कधी नव्हतीच. कर्जाचे व्याज, डागडुजी, कर आणि माफक उत्पन्न यांपुरते भाडे हा योग झाला. गळक्या छपराकडे दुर्लक्ष करून किंवा घर सोडण्याचे भय दाखवून काढलेली रक्कम हे परस्वाचे हरण होय, मग ती कोणत्याही बाळाच्या नावाने ठेवलेली असो.

‘मालकाने कारभाऱ्यासारखे वागावे’ ही कल्पना डच आणि भारतीय या दोन्ही परंपरांना परकी नाही. डच प्रोटेस्टंट विचारात इस्टेटीची देखभाल करणाऱ्या ‘रेंटमेस्टर’च्या नावावरूनच मानवाच्या पृथ्वीवरील जबाबदारीची संज्ञा घडली आहे, आणि गांधीजींचा विश्वस्ततेचा सिद्धांत तिच्यापासून दूर नाही. परंतु विश्वस्ताला जाब विचारणारा कोणी नसेल, तर हा सिद्धांत धनिकाचे समाधान होऊन बसतो, आणि म्हणून डच कायद्याचे गुण व टक्के अनावश्यक ठरत नाहीत.

कौटिल्याने हा प्रश्न सद्भावनेवर सोडला नव्हता. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात भाड्याला ‘अवक्रय’ म्हटले आहे. सांगूनही घर न सोडणाऱ्याला आणि भाडे देणाऱ्याला बाहेर काढणाऱ्या मालकाला, चोरी-मारहाणीसारखी कारणे वगळता, त्याने एकच दंड ठेवला आहे : बारा पण.