भिंतीविना व्यवस्था

आर्वी तालुक्यातील तुरीचे झाड अलगद उपटले असता मुळांवर ज्या बारीक गाठी दिसतात, त्यांत वास्तव्य करणारे रायझोबियम वर्गाचे जीवाणू हवेतील नत्र पिकाच्या उपयोगी आणतात, हे येथील शेतकऱ्यास सुपरिचित आहे. परंतु एवढा दुष्कर उद्योग करणाऱ्या त्या सूक्ष्म देहाचा अंतर्गत कारभार कोणत्या नियमाने चालतो, या प्रश्नाकडे शास्त्राने फार उशिरा लक्ष दिले.

या विलंबाचे कारण विचाराच्या घडणीतच होते. १९६२ साली स्टॅनियर व व्हॅन नील यांनी जीवाणूचे जे लक्षण सांगितले, ते मुख्यतः अभावाचे होते: केंद्रकास वेष्टन नाही, आणि निरनिराळ्या कामांसाठी पटलांनी विभागलेली स्वतंत्र दालनेही नाहीत. हे निरीक्षण यथार्थ होते. त्यावरून काढलेले अनुमान मात्र सदोष ठरले. वनस्पती व प्राणी यांच्या पेशींची रचना हाच मानदंड गृहीत धरल्यामुळे, जेथे दालने नाहीत तेथे बंदोबस्तही नाही, असा समज रूढ झाला, आणि जीवाणू म्हणजे विकरांनी भरलेली एक पिशवी, एवढीच त्याची ओळख उरली.

पुढे पुरावा या समजाविरुद्ध साचत गेला. १९९१ मध्ये बी व लुटकेनहाउस यांना विभाजनाच्या जागी एफटीएसझेड प्रथिनाचे कडे आढळले; १९९९ मध्ये, मिन प्रथिने पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सतत येरझारा घालतात आणि त्यायोगे ते कडे मध्यावरच बसते, हे उघड झाले; कर्बग्रहणासाठी रुबिस्को हे विकर साठवणाऱ्या कार्बोक्सिसोम या कप्प्याचे कवच तर केवळ प्रथिनांचे असते. वरणावर तेलाचे थेंब जसे कोणत्याही भांड्याविना वेगळे राहतात, तसे आरएनए व प्रथिने यांचे थेंब कौलोबॅक्टर या जीवाणूत असल्याचे २०१८ मध्ये दिसले.

या शोधपरंपरेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. स्पायरोप्लाझ्मा सिट्री हा संत्रावर्गीय झाडांना रोग जडवणारा जीवाणू. त्याला पेशीभित्तिकाही नाही, तरी त्याचा देह मळसूत्री असतो. पुण्याच्या आयसर संस्थेतील श्रीकांत हरणे, गायत्री पनंगत आदींनी फ्रान्समधील सहकाऱ्यांसह २०२० मध्ये दाखवले, की ज्या वाणात एमआरईबी५ हे प्रथिन अपुरे उतरते तो सरळच राहतो, आणि ते पूर्ण स्वरूपात पुरवताच त्याला मळसूत्री आकार येतो. संत्र्याच्या बागा जोपासणाऱ्या आर्वी-आष्टी-कारंजा भागाने या संशोधनाची दखल घ्यावी, हे उचितच होय.

व्यवस्था ही भिंतींची देणगी नव्हे. रेणूंचे परस्पर आकर्षण, त्यांची अखंड हालचाल आणि योग्य स्थळी त्यांचे एकत्र येणे यांतूनही ती सिद्ध होते. म्हणून आमच्या शिक्षकांना विनंती, की फळ्यावर जीवाणूची आकृती काढताना त्याचे अंतरंग रिकामे ठेवू नये, आणि त्यात काय नाही हे सांगण्यापूर्वी काय आहे ते विद्यार्थ्यांना अगत्याने सांगावे.